वाचकांचे प्रश्न : आधी ड्रायव्हर, मग डिस्क

या वेळी व्हर्च्युअल मशीनच्या ड्रायव्हरवरचे प्रश्न एकत्र घेतले आहेत. आज्ञा, फाइली आणि फोल्डरांची नावं इथं देवनागरीत छापली आहेत. टाइप करताना ती इंग्रजीतच टाइप करायची. उत्तरांत 'होस्ट' म्हणजे टेबलावरचा खरा संगणक आणि 'गेस्ट' म्हणजे त्यात चालणारं व्हर्च्युअल मशीन, म्हणजेच 'व्हीएम'. लिनक्सवरचं केव्हीएम आणि व्हर्च्युअलबॉक्स ही व्हीएम चालवणारी सॉफ्टवेअरं; क्यूईएमयू हा केव्हीएमसोबत उपकरणांची नक्कल करणारा प्रोग्राम.

प्र. : आमच्या फाउंड्रीच्या ऑफिसात हिशेबाचं विंडोज १० आता लिनक्स सर्व्हरवर केव्हीएममध्ये चालतं. डिस्क साटावरून व्हर्टआयओवर घेतली की वेग वाढतो, असं ऐकून सेटिंग बदललं. आता निळा पडदा येतो, 'इनॲक्सेसिबल बूट डिव्हाइस'. डेटा गेला का? (उद्यमबाग, बेळगाव)

उ. : डेटा जिथल्या तिथं आहे. व्हीएम पूर्ण बंद करा, व्हर्ट-मॅनेजरमध्ये (केव्हीएमच्या सेटिंगची खिडकी) त्या डिस्कची बस, म्हणजे जोडणीचा प्रकार, पुन्हा साटा करा; विंडोज पूर्वीसारखं सुरू होईल.

झालं असं : साटा कंट्रोलर ही खऱ्या चिपची नक्कल असते आणि तिचा ड्रायव्हर विंडोजमध्ये आधीपासून असतो. व्हर्टआयओ कुठल्याच खऱ्या चिपची नक्कल करत नाही. ते खास व्हर्च्युअल मशीनसाठी ठरवलेलं उपकरण आहे आणि त्याचा ड्रायव्हर विंडोजबरोबर येत नाही. सुरू होताना विंडोज फक्त 'बूट' वर्गातले ड्रायव्हर उचलतं. त्यात व्हर्टआयओचा नसेल, तर स्वतःचीच सी ड्राइव्ह त्याला दिसत नाही आणि ते ०x७बी हा थांबा-कोड देऊन थांबतं.

फक्त ड्रायव्हरची फाइल कॉपी करून किंवा इन्स्टॉलर चालवून भागतंच असं नाही. विंडोजला ते उपकरण एकदा प्रत्यक्ष दिसावं लागतं, म्हणजे ते ड्रायव्हर जोडून त्याला बूट वर्गात घालतं. म्हणून क्रम असा ठेवा. व्हीएम बंद असताना डिस्क ज्या क्यूकाउ२ फाइलमध्ये साठवलेली असते तिची प्रत काढा. बूटची डिस्क साटावरच राहू द्या आणि १ जीबीची दुसरी रिकामी डिस्क व्हर्टआयओ बसवर जोडा. सीडी ड्राइव्हमध्ये व्हर्टआयओ-विनची आयएसओ, म्हणजे विंडोजसाठीच्या व्हर्टआयओ ड्रायव्हरांच्या सीडीची फाइल, घाला. विंडोज सुरू करून डिव्हाइस मॅनेजरमध्ये पिवळ्या खुणेचं 'एससीएसआय कंट्रोलर' शोधा, अपडेट ड्रायव्हर म्हणा आणि 'व्हायोस्टोर\डब्ल्यू१०\एएमडी६४' हे फोल्डर दाखवा. डिस्क मॅनेजमेंटमध्ये १ जीबीची डिस्क दिसली की काम झालं; तिच्यावर पार्टिशन करायची गरज नाही. मग बंद करा, बूटची डिस्क व्हर्टआयओवर न्या, छोटी डिस्क काढून टाका. बूटच्या क्रमात मुख्य डिस्कवर खूण आहे ना, तेही तेव्हाच पाहा.

इथं एक चूक फार होते. व्हर्टआयओची डिस्क दोन प्रकारची असते. साध्या 'ब्लॉक' प्रकाराला व्हायोस्टोर हा ड्रायव्हर लागतो, 'व्हर्टआयओ-एससीएसआय'ला व्हायोएससीएसआय. छोटी डिस्क एका प्रकारावर लावून मुख्य डिस्क दुसऱ्यावर नेली, तर तोच निळा पडदा पुन्हा येतो. शंका आली तर डिव्हाइस मॅनेजरमध्ये त्या उपकरणाच्या डिटेल्समध्ये 'हार्डवेअर आयडी' वाचा. व्हेंडर १एएफ४ असेल तर ते व्हर्टआयओ. पुढचा क्रमांक १००१ किंवा १०४२ म्हणजे ब्लॉक, १००४ किंवा १०४८ म्हणजे एससीएसआय, १००० किंवा १०४१ म्हणजे नेटवर्क. प्रत्येक जोडीतला पहिला क्रमांक जुन्या पद्धतीशी जुळणाऱ्या उपकरणाचा, दुसरा २०१६ साली ओएसिस या मानकं ठरवणाऱ्या संस्थेने प्रमाणित केलेल्या १.० आवृत्तीपासूनचा.

नेटवर्क कार्डही बदलणार असाल तर मॅक पत्ता तोच ठेवा. नवं कार्ड विंडोजला वेगळं वाटतं, त्यामुळे हाताने दिलेला आयपी जुन्या कार्डाकडेच राहतो आणि नव्याला तोच देताना 'हा पत्ता दुसऱ्या ॲडॅप्टरला दिलेला आहे' असा संदेश येतो. डिव्हाइस मॅनेजरच्या व्ह्यू मेनूतून लपलेली उपकरणं दाखवा आणि फिकट दिसणारं जुनं कार्ड काढून टाका.

वेग खरंच वाढतो का? वाढतो. नक्कल केलेल्या कार्डात गेस्टने रजिस्टरला हात लावला की दर वेळी प्रोसेसरला गेस्ट सोडून होस्टकडे यावं लागतं. व्हर्टआयओत गेस्टचा ड्रायव्हर सामायिक मेमरीतल्या रांगेत बरीच कामं लावून ठेवतो आणि एकदाच इशारा करतो. मात्र खालची डिस्क फिरणारी हार्ड डिस्क असेल, तर अडथळा तिथंच आहे. अशा ठिकाणी आधी एसएसडी घ्या, मग व्हर्टआयओकडे वळा.

प्र. : केव्हीएममध्ये विंडोज ११ टाकताना डिस्कची यादी रिकामी येते. (निपाणी)

उ. : कारण तेच आहे. व्हर्टआयओ-विनची आयएसओ दुसऱ्या सीडी ड्राइव्हमध्ये जोडा, 'लोड ड्रायव्हर' दाबा आणि 'व्हायोस्टोर\डब्ल्यू११\एएमडी६४' निवडा. यादीत एकाच नावाच्या अनेक ओळी येतात. ज्या ओळीच्या मार्गात डब्ल्यू११ आहे तीच घ्या. पुढे इंटरनेट मागणाऱ्या पडद्यावर अडलात तर शिफ्ट आणि एफ१० दाबून काळी खिडकी उघडा. तिथं 'पीएनपीयूटिल /ॲड-ड्रायव्हर', मग आयएसओवरच्या 'नेटकेव्हीएम\डब्ल्यू११\एएमडी६४\नेटकेव्हीएम.आयएनएफ' या फाइलचा मार्ग आणि शेवटी '/इन्स्टॉल' असं द्या. त्या खिडकीत सीडीचं अक्षर ई असेलच असं नाही. आधी 'डीआयआर' करून पाहा.

प्र. : उसाच्या काट्याचा पीसी बंद पडला म्हणून वजनाचं सॉफ्टवेअर विंडोजच्या व्हीएममध्ये घेतलं. इंडिकेटरची आरएस-२३२ केबल यूएसबी कन्व्हर्टरमधून येते. कधी वजन येतं, कधी कॉम पोर्टच गायब. बाहेर ट्रॅक्टरची रांग लागते. (चिकोडी तालुका)

उ. : तुम्ही बहुधा अख्खा कन्व्हर्टर यूएसबी म्हणून गेस्टला दिला आहे. चालू हंगामात ती पद्धत बदला.

आधी होस्टवर 'एलएसयूएसबी' चालवून चिप कुठली ते पाहा. ०४०३:६००१ म्हणजे एफटीडीआय, १ए८६:७५२३ म्हणजे सीएच३४०, ०६७बी:२३०३ म्हणजे प्रोलिफिक. अख्खा कन्व्हर्टर गेस्टला दिला की त्या चिपचा ड्रायव्हर विंडोजमध्ये लागतो. प्रोलिफिकच्या जुन्या आणि नकली चिपांना नवा विंडोज ड्रायव्हर नाकारतो. डिव्हाइस मॅनेजरमध्ये 'कोड १०' दिसतो. शिवाय केबल हलून पुन्हा बसली की होस्टवरचा उपकरण-क्रमांक बदलतो. व्हीएमच्या सेटिंगमध्ये बस आणि उपकरण-क्रमांक लिहिलेला असेल, तर गेस्टला ते पुन्हा सापडत नाही.

त्याऐवजी कन्व्हर्टर होस्टकडेच ठेवा. लिनक्समध्ये या तिन्ही चिपांचे ड्रायव्हर आहेतच. व्हीएमला नवं 'सीरियल' उपकरण जोडा, प्रकार 'डेव्ह', म्हणजे होस्टचं उपकरण. मार्ग देताना 'टीटीवाययूएसबी०' देऊ नका; दुसरं काही आधी लावलं गेलं की तो आकडा बदलतो. '/डेव्ह/सीरियल/बाय-आयडी/' या फोल्डरमधलं लांबलचक नाव द्या. गेस्टला मग १६५५० या जुन्या सीरियल चिपचा साधा कॉम१ दिसतो आणि त्याचा ड्रायव्हर विंडोजमध्ये जन्मापासून आहे. सॉफ्टवेअरने ठरवलेला बॉड रेट (वेग) आणि पॅरिटी (चूक ओळखण्याचा बिट) क्यूईएमयू होस्टच्या खऱ्या पोर्टला लावतो, तो वेगळा लावावा लागत नाही.

या पद्धतीची एक उणीव लक्षात ठेवा : व्हीएम चालू असताना कन्व्हर्टर उपसला गेला, तर पुन्हा लावून उपयोग होत नाही, व्हीएम पूर्ण बंद करून चालू करावी लागते. म्हणून कन्व्हर्टर यूएसबीच्या छोट्या एक्स्टेन्शनवर घेऊन टेबलाच्या पायाला टायने आवळून बांधा.

सीएच३४० असेल आणि होस्ट उबुंटू २२.०४ असेल तर आणखी एक जागा तपासा. त्यात ब्रेल पडद्यांसाठीची 'बीआरएलटीटीवाय' ही सेवा हीच चिप आपली समजून ताब्यात घेते आणि टीटीवाययूएसबी० क्षणात नाहीसं होतं. 'डीएमईएसजी'मध्ये, म्हणजे कर्नलच्या संदेशांत, तिचं नाव दिसेल. त्या यंत्रावर ब्रेल पडदा वापरला जात नसेल तर 'सुडो एपीटी रिमूव्ह बीआरएलटीटीवाय' करा.

आकडे येतात पण मधेच चित्रविचित्र अक्षरं दिसतात, असं झालं तर दोष ड्रायव्हरचा नाही. इंडिकेटर ७ बिट आणि ईव्हन पॅरिटीवर, सॉफ्टवेअर ८ बिट आणि पॅरिटीविना, असा मेळ चुकलेला असतो. व्हीएम बंद ठेवून होस्टवर 'पिकोकॉम' या सीरियल पोर्ट वाचणाऱ्या प्रोग्रामने तोच पोर्ट उघडा आणि रिकाम्या काट्याचं शून्य स्वच्छ दिसेपर्यंत जोड्या बदलून पाहा. व्हीएम चालू असताना हे करू नका. दोघं एकाच पोर्टवरून वाचू लागले की काही अक्षरं इकडे, काही तिकडे जातात आणि पावतीवर चुकीचं वजन छापलं जाऊ शकतं. शेतकऱ्याच्या पैशाचा प्रश्न आहे, ही तपासणी टाळू नका.

प्र. : सोसायटीच्या जुन्या ठेवींचं सॉफ्टवेअर फक्त विंडोज एक्सपीवर चालतं. व्हीएममध्ये कुठली उपकरणं द्यावीत? (खानापूर)

उ. : एक्सपीच्या बाबतीत वेगाच्या मागे लागू नका, जुनीच उपकरणं द्या. डिस्क आयडीईवर, साटाचा एएचसीआय ड्रायव्हर एक्सपीत नाही. केव्हीएममध्ये नेटवर्क कार्ड आरटीएल८१३९, व्हर्च्युअलबॉक्समध्ये 'इंटेल प्रो/१००० टी सर्व्हर'. दोन्ही एक्सपी स्वतःच ओळखतं. व्हर्च्युअलबॉक्सचं 'एमटी डेस्कटॉप' कार्ड देऊ नका, त्याचा ड्रायव्हर एक्सपीत नाही. खरं म्हणजे कार्ड न देणंच उत्तम. एक्सपीचा आधार ८ एप्रिल २०१४ रोजी संपला. सभासदांच्या ठेवींचं यंत्र इंटरनेटपासून पूर्ण तोडा आणि अहवाल छापण्यापुरतंच वापरा.

प्र. : व्हर्च्युअलबॉक्समध्ये उबुंटू आहे. अपडेटनंतर पडदा छोटा झाला, सामायिक फोल्डरही उघडत नाही. (हल्याळ)

उ. : कर्नल बदलला आणि गेस्ट ॲडिशन्सचे (गेस्टमध्ये टाकायच्या व्हर्च्युअलबॉक्सच्या ड्रायव्हरांचे) मॉड्यूल जुन्या कर्नलसाठी बांधलेले राहिले. 'सुडो एपीटी इन्स्टॉल बिल्ड-इसेन्शियल डीकेएमएस लिनक्स-हेडर्स-जेनेरिक' करा, रीस्टार्ट करा, मग 'सुडो /एसबिन/आरसीव्हीबॉक्सॲड सेटअप'. अपयश आलं तर कारण '/व्हार/लॉग/व्हीबॉक्सॲड-सेटअप.लॉग' या फाइलच्या शेवटच्या ओळींत असतं. बहुतेक वेळा चालू कर्नलचे हेडर मिळालेले नसतात. सामायिक फोल्डरसाठी तुमचं खातं 'व्हीबॉक्सएसएफ' गटात हवं आणि गटात घातल्यावर लॉगआउट करून परत यायला हवं. लिनक्स गेस्टला ग्राफिक्स कंट्रोलर व्हीएमएसव्हीजीए द्या. उबुंटूच्या भांडारातले गेस्ट पॅकेज आणि सीडीवरचा इन्स्टॉलर, यांतलं एकच काहीतरी वापरा. दोन्ही टाकले की एकमेकांचे मॉड्यूल पुसतात.

प्र. : पतसंस्थेचा सर्व्हर केव्हीएमवर आहे. लाईट गेली की यूपीएस १० मिनिटं धरतो, तरी विंडोज गेस्टमधला डेटाबेस दोनदा बिघडला. डिस्कचा ड्रायव्हर बदलावा का? (संकेश्वर)

उ. : ड्रायव्हर राहू द्या. दोन गोष्टी तपासायच्या आहेत.

पहिली, डिस्कचा कॅश मोड. डेटाबेस व्यवहार पक्का करताना विंडोजला 'फ्लश' (मेमरीतलं आत्ताच डिस्कवर लिही) असं सांगतो, विंडोज ड्रायव्हरला, ड्रायव्हर क्यूईएमयूला. ही साखळी कुठं तुटली तर नोंद 'झाली' असं सांगितलं जातं आणि ती मेमरीतच राहते. 'अनसेफ' हा मोड फ्लशकडे सरळ दुर्लक्ष करतो. तो निवडलेला असेल तर आजच बदला. 'नन' घ्या, त्यात होस्टची कॅश मधे येत नाही. 'राइटबॅक'मध्येही फ्लश पाळला जातो, मात्र फ्लशच्या आधीचं बरंच काही होस्टच्या मेमरीत असतं. मग गेस्टच्या डिव्हाइस मॅनेजरमध्ये डिस्कच्या पॉलिसीज पानावर 'राइट-कॅश बफर फ्लशिंग बंद करा' या ओळीसमोर खूण असेल तर काढा. वेग वाढवायचा म्हणून ही खूण कुणीतरी करून ठेवलेली असते.

दुसरी, १० मिनिटांत गेस्ट नीट बंद होतो का. होस्ट बंद होताना गेस्टला नुसतं पॉवर बटण दाबल्यासारखा इशारा जातो आणि विंडोजच्या पॉवर सेटिंगमध्ये बटणाला 'काही करू नका' असं असेल तर ते हलत नाही. म्हणून व्हर्टआयओ-विनच्या सीडीवरून 'व्हायोसीरियल' ड्रायव्हर आणि 'गेस्ट-एजंट' फोल्डरमधला एजंट टाका. व्हीएममध्ये 'ऑर्ग.क्यूईएमयू.गेस्ट_एजंट.०' नावाचा चॅनेलही जोडलेला हवा. तो नसेल तर एजंट सुरूच होत नाही. होस्टवरून 'व्हर्श शटडाउन', व्हीएमचं नाव आणि '--मोड एजंट' देऊन कामाच्या वेळेबाहेर प्रत्यक्ष बंद करून पाहा आणि घड्याळ लावा.

नंतर होस्टवर '/ईटीसी/डिफॉल्ट/लिबव्हर्ट-गेस्ट्स' या फाइलमध्ये 'ऑन_शटडाउन' ला 'शटडाउन' आणि 'शटडाउन_टाइमआउट' ला ३०० लिहा, म्हणजे ५ मिनिटं. यूपीएसची यूएसबी केबल होस्टला लावून 'नट' हे यूपीएसवर लक्ष ठेवणारं सॉफ्टवेअर बसवा. ते मुळात बॅटरी अगदी उतरल्यावर बंद करायला लागतं, तोवर ५ मिनिटं उरलेली नसतात. वीज गेल्यापासून २ मिनिटांनी बंद करायला सुरुवात होईल असा टायमर 'यूपीएसशेड'मध्ये लावा. १० मिनिटं हा आकडा नव्या बॅटरीचा असेल. जुनी झाल्यावर तो बराच खाली येतो, तेव्हा तोही मोजून घ्या. यूपीएसला यूएसबी पोर्टच नसेल तर पुढच्या खरेदीत पोर्ट असलेला मागा.

प्र. : इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला आहे. लिनक्समध्ये पीसीआय ड्रायव्हर लिहायला शिकायचं आहे. कुठलं कार्ड विकत घेऊ? (टिळकवाडी, बेळगाव)

उ. : कुठलंच घेऊ नका. क्यूईएमयूमध्ये 'ईडीयू' नावाचं उपकरण याच कामासाठी आहे; चेक प्रजासत्ताकातल्या मासारिक विद्यापीठात लिनक्स कर्नलच्या शिकवणीसाठी ते मुळात तयार झालं. गेस्ट सुरू करताना '-डिव्हाइस ईडीयू' जोडा. गेस्टमध्ये 'एलएसपीसीआय -एनएन' केल्यावर १२३४:११ई८ दिसेल. कर्नलमध्ये त्याचा तयार ड्रायव्हर नाही, त्यामुळे तुमच्याशी भांडणारं कुणी नाही.

आयडीच्या तक्त्यात व्हेंडर आणि डिव्हाइस दोन्ही लिहा. क्यूईएमयूचं साधं व्हीजीए कार्डही १२३४ याच व्हेंडरचं आहे, १२३४:११११. फक्त व्हेंडर लिहिला तर तुमचा ड्रायव्हर पडद्याच्या कार्डालाही हात घालेल.

प्रोबमध्ये (उपकरण सापडल्यावर कर्नल बोलावतो ते तुमचं फंक्शन) क्रम असा : पीसीआय_इनेबल_डिव्हाइस, पीसीआय_रिक्वेस्ट_रीजन्स, मग बार ० साठी पीसीआय_आयोमॅप. हा बार, म्हणजे उपकरणाच्या पत्त्यांची खिडकी, १ एमबीचा आहे. पुढचे सगळे पत्ते हेक्समध्ये आहेत आणि ८० च्या खालच्या पत्त्यांवर फक्त ४ बाइटचं वाचन-लेखन चालतं, म्हणून रीडएल आणि राइटएलच वापरा. पत्ता ०० वाचा, ०१००००ईडी यायला हवं. पत्ता ०४ वर १२३४५६७८ लिहून परत वाचा; प्रत्येक बिट उलटा होऊन ईडीसीबीए९८७ आलं, म्हणजे तुमचं मॅपिंग बरोबर आहे. हे दोन्ही जमल्याशिवाय इंटरप्टकडे (उपकरणाने प्रोसेसरला दिलेला इशारा) जाऊ नका.

पत्ता ०८ वर संख्या लिहिली की उपकरण तिचं फॅक्टोरियल काढतं. पत्ता २० चा पहिला बिट १ आहे तोवर काम चालू आहे. तो ० झाला की ०८ वरून उत्तर वाचा. ५ लिहिल्यावर हेक्स ७८, म्हणजे १२० येईल. १२ पर्यंतच भरवसा ठेवा, १३ चं फॅक्टोरियल ३२ बिटांत मावत नाही. काम संपल्यावर इंटरप्ट हवा असेल तर पत्ता २० वर हेक्स ८० हा बिट लावा. हँडलरमध्ये (इंटरप्ट आल्यावर चालणारं तुमचं फंक्शन) पत्ता २४ वाचा आणि आलेली किंमत जशीच्या तशी ६४ वर लिहा. हे लिहिणं राहिलं तर जुन्या पद्धतीची इंटरप्टची तार खाली येतच नाही. हँडलर 'हँडल्ड' सांगत असेल तर गेस्ट गोठतो. 'नन' सांगत असेल तर कर्नल काही वेळाने 'नोबडी केअर्ड' लिहून ती तारच बंद करतो.

डीएमए, म्हणजे उपकरणाने स्वतः मेमरीत वाचणं-लिहिणं, शेवटी घ्या. पीसीआय_सेट_मास्टर विसरलात तर एकही बाइट हलणार नाही. उपकरण मुळात २८ बिटांचेच पत्ते समजतं, म्हणजे २५६ एमबीपर्यंत. त्यामुळे डीएमए मास्क २८ बिटांचा सांगा आणि बफर डीएमए_अलोक_कोहेरंटने घ्या. मास्क न सांगता गेस्टला २ जीबी मेमरी दिली, तर वरचे बिट कापले जातात आणि डेटा कर्नलच्या भलत्याच जागेवर जाऊन पडतो. अशा वेळी गेस्ट कोसळतो तो दुसऱ्याच ठिकाणी आणि दोष शोधणं कठीण होतं. उपकरणाचं स्वतःचं बफर ४०००० या पत्त्यावर आहे, ४०९६ बाइटचं. स्रोत ८० वर, गंतव्य ८८ वर, लांबी ९० वर लिहा आणि मग ९८ वर आज्ञा : १ म्हणजे मेमरीकडून उपकरणाकडे, ३ म्हणजे उपकरणाकडून मेमरीकडे. १०० बाइट पाठवा, आपलं बफर पुसा, परत मागवा आणि दोन्ही जुळवून पाहा. प्रत्येक प्रयोगाआधी गेस्टचा स्नॅपशॉट घ्या, कर्नल कोसळला तरी मिनिटभरात पुन्हा त्याच जागी याल.